‘सहव्याधी होत्या’ या वाक्यानंतर

साथीच्या काळात आरोग्य खात्यांची रोजची पत्रके निघतात, तेव्हा मृतांच्या आकड्यापाठोपाठ एक वाक्य बहुधा ठरलेले असते : ‘मृतांपैकी बहुतेकांना सहव्याधी होत्या.’ वाक्य खोटे नसते. श्वसनमार्गाच्या विषाणुजन्य आजाराने रुग्णालयात दगावणाऱ्यांमध्ये मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचे जुने दुखणे, फुप्फुसांचा दीर्घ आजार यांपैकी काहीतरी असलेले लोक खरोखरच जास्त असतात. पण हे खरे वाक्य वेगवेगळ्या कानांवर वेगवेगळे पडते. ज्याला असा कोणताही आजार नाही तो सुटकेचा निःश्वास टाकतो. ज्याच्या घरातले माणूस गेले त्याला ‘तसेही ते फार दिवसांचे सोबती नव्हते’ असे कोणीतरी सुनावल्यासारखे वाटते. आणि तो रुग्ण शेवटचे आठ-दहा दिवस ज्या यंत्रणेच्या ताब्यात होता तिला कोणी काही विचारत नाही, कारण प्रश्न विचारला जाण्यापूर्वीच उत्तर देऊन झालेले असते.

जोखीम घटकांच्या अभ्यासाला माझा विरोध नाही; तो नसता तर गेल्या काही वर्षांत जे जीव वाचले त्यांतले बरेच वाचले नसते. आक्षेप आहे तो यादीच्या अपुरेपणावर आणि त्या अपुरेपणातून होणाऱ्या न्यायनिवाड्यावर. आपण रुग्णाच्या शरीरातील घटक बारकाईने मोजतो आणि त्याच्या भोवतीचे, म्हणजे उशीर, गर्दी, अपुरे मनुष्यबळ, प्राणवायू सुरू होण्यास लागलेला वेळ, हे मोजतच नाही किंवा मोजले तरी जाहीर करत नाही. जे मोजले जात नाही त्याचा दोष मोजलेल्या गोष्टींवर जातो, आणि मोजलेले असते ते फक्त शरीर.

‘जोखीम घटक’ या शब्दाचा अर्थ मुळातच निसरडा आहे, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण संगणकाने दिलेले आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कोणाला घरी पाठवता येईल आणि कोणाला दाखल करावे लागेल, हे आधी ओळखण्यासाठी संगणकीय प्रारूपे तयार करण्याचा एक प्रकल्प झाला. त्यात रिच कारुआना नावाचे तरुण संशोधक होते. मिळालेल्या माहितीवरून एका प्रारूपाने एक नियम शोधून काढला : दमा असलेल्या रुग्णाला न्यूमोनियाने मरण्याचा धोका कमी असतो. कोणत्याही डॉक्टरला हे ऐकून हसू आले असते. पण आकड्यांत खोट नव्हती. दमा असलेला रुग्ण न्यूमोनिया घेऊन आला की डॉक्टर धास्तावत, त्याला तडक अतिदक्षता विभागात हलवत, त्याच्यावर सतत लक्ष ठेवत, आणि म्हणून तो वाचे. प्रारूपाला दमा दिसला, धास्ती दिसली नाही. सर्वांत अचूक ठरलेले प्रारूप त्या संशोधकांनी रुग्णांसाठी वापरले नाही, कारण त्याच्या आत आणखी असे किती नियम दडले आहेत हे त्यांना दिसत नव्हते. वापरले असते तर दम्याच्या रुग्णांना ‘कमी धोक्याचे’ म्हणून घरी पाठवले गेले असते, आणि मग तो नियम लगेचच खोटा ठरला असता.

या घटनेकडे बहुतेक जण यंत्राच्या मूर्खपणाचा किस्सा म्हणून पाहतात. मला त्यात दुसरेच दिसते. रुग्णाच्या प्रत्येक घटकाचा आकडा जेव्हा आपण काढतो, तेव्हा त्या आकड्यात त्या घटकाबरोबरच त्या घटकाला मिळालेली वागणूकही मिसळलेली असते. दम्याच्या बाबतीत वागणूक चांगली होती म्हणून धोका घटलेला दिसला. मग ज्या घटकाला वाईट वागणूक मिळते, त्याचा धोका वाढलेला दिसणार नाही का? एखाद्या गटातील रुग्ण उशिरा दाखल होत असतील, त्यांना अतिदक्षता विभागात खाट शेवटी मिळत असेल, तर त्यांचा मृत्युदर वाढेल आणि तो त्यांच्या शरीराचा गुण म्हणून यादीत नोंदला जाईल.

दुसरा सापळा आकडेवारी कोठून गोळा केली यात आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे सांख्यिकी-तज्ज्ञ जोसेफ बर्कसन यांनी १९४६मध्ये दाखवून दिले की, फक्त रुग्णालयातील रुग्ण पाहून दोन गोष्टींचा संबंध जोडला तर बाहेरच्या जगात नसलेला संबंधही तेथे दिसू शकतो. समजा, एखाद्या रुग्णालयात दोनच कारणांनी दाखल करून घेतात : एक तर श्वास फार लागलेला असावा, नाही तर जुना गंभीर आजार असल्याने सावधगिरी म्हणून ठेवून घ्यावे. ज्याला दोन्ही नाही तो घरीच राहतो. आता खाटांवरच्या लोकांकडे पाहिले तर जुना आजार नसलेला प्रत्येक जण श्वास लागूनच आलेला असणार, आणि जुना आजार असलेल्यांमध्ये सौम्य त्रास असलेलेही सापडणार. या चार भिंतींच्या आत जुना आजार हे जणू कवच ठरेल. २०२०च्या सुरुवातीला कोविडबाबत रुग्णालयांतून आलेल्या काही अहवालांत धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी दिसले, आणि तंबाखूमुळे संरक्षण मिळते की काय अशी चर्चा गंभीर चेहऱ्याने झाली, त्यामागे या प्रकारच्या निवडीचा मोठा हात होता. शिवाय अत्यवस्थ माणसाला ‘तुम्ही सिगारेट ओढता का’ हे नीट विचारून लिहिण्याची फुरसत त्या दिवसांत कोणाला होती, हाही साधा प्रश्न आहेच.

इंग्लंडमधील ‘ओपनसेफली’ या अभ्यासाने रुग्णालयाची भिंत ओलांडली. सुमारे १ कोटी ७० लाख प्रौढांच्या वैद्यकीय नोंदी त्यांनी पाहिल्या आणि त्यांतील १०,९२६ कोविड-मृत्यूंचा संबंध वय, लिंग, वंश, आर्थिक वंचितता, स्थूलता, मधुमेह इत्यादींशी लावून पाहिला. एवढ्या प्रचंड अभ्यासातही धूम्रपानाचा आकडा कसा नाचला हे पाहण्यासारखे आहे. फक्त वय आणि लिंग जमेस धरले तेव्हा धूम्रपान करणाऱ्यांचा धोका थोडा जास्त निघाला. पण फुप्फुसांच्या जुन्या आजारासह सगळेच घटक एकत्र जमेस धरले तेव्हा तो किंचित कमी दिसू लागला. कारण उघड आहे. धूम्रपान ज्या वाटेने मारते ती वाटच गणितातून वजा केल्यावर उरणार काय? संशोधकांनी स्वतः या आकड्याचा असा अर्थ लावू नये असे बजावले होते. पण इशारे तळटीपेत राहतात आणि आकडे मथळ्यात जातात.

म्हणून कोणत्याही ‘जोखीम घटका’बद्दल मला आधी एक गोष्ट विचारावीशी वाटते : हा घटक बदलला तर मृत्यू टळेल, की हा घटक केवळ मृत्यूची चाहूल देतो? रक्तातील डी-डायमर (गुठळी तयार होऊन विरघळताना रक्तात उरणारा प्रथिनाचा तुकडा) वाढलेला असणे ही चाहूल आहे. वुहानमधील १९१ रुग्णांच्या सुरुवातीच्या अभ्यासात, ज्यातील ५४ जण दगावले, वाढलेले वय, अवयव निकामी होण्याचा चढा गुणांक आणि दाखल होतानाचा मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक डी-डायमर हे तीन घटक ठळकपणे पुढे आले. त्यानंतर जगभर डी-डायमर तपासण्याची जी लाट आली तिच्यात हा फरक वाहून गेला. आकडा खाली आणणे हा उपचार होऊ शकत नाही. आकडा ज्याच्यामुळे वर गेला त्याचा शोध घेणे हा उपचार. त्याउलट प्राणवायूची कमतरता ही चाहूलही आहे आणि कारणही, आणि ती भरून काढता येते.

आता वय. सर्व अभ्यासांत सर्वांत वजनदार घटक म्हणून ते पुढे येते. ‘ओपनसेफली’मध्ये ८० वर्षांवरील व्यक्तींचा धोका पन्नाशीतील व्यक्तींच्या वीसपटीहून अधिक होता. त्यामुळे वय म्हणजे जणू निसर्गाने ठरवलेली मुदत असे वाटू लागते. पण श्वसनविकारांचा इतिहास इतका सरळ नाही. १९१८च्या इन्फ्लुएन्झाने २० ते ४० वयाच्या धडधाकट माणसांना अशा प्रमाणात नेले की, मृत्यूंचा आलेख, जो एरवी दोन्ही टोकांना उंच आणि मध्ये खोलगट असतो, त्याच्या मधोमध एक शिखर उभे राहिले. त्या साथीतील बहुतेक मृत्यू विषाणूपाठोपाठ फुप्फुसांत शिरलेल्या जिवाणूंमुळे झाले, आणि प्रतिजैविके तेव्हा नव्हती. २००९च्या एच१एन१ साथीत साठीपुढच्या अनेकांना तुलनेने कमी झळ बसली, कारण १९५७पूर्वी फिरणाऱ्या त्याच कुळातील विषाणूंशी त्यांची लहानपणी गाठ पडलेली होती. तरुण, गर्भवती स्त्रिया आणि अतिस्थूल व्यक्ती मात्र अडचणीत आल्या. अमेरिकेत त्या वर्षी लोकसंख्येच्या सुमारे १ टक्का असलेल्या गर्भवती स्त्रियांचा वाटा मृत्यूंमध्ये सुमारे ५ टक्के होता. विषाणू बदलला की ‘धोक्याचे वय’ बदलते. म्हणजे वय हा घटक अनेक गोष्टींचा मिळून काढलेला संक्षेप आहे : प्रतिकारशक्तीची आठवण, शरीराची शिल्लक ताकद, जुने आजार, आणि आपण त्या माणसासाठी किती धावपळ करायला तयार आहोत हेही.

यातली शिल्लक ताकद वयापासून वेगळी काढून मोजता येते. कॅनडात विकसित झालेली दुर्बलतेची एक नऊ पायऱ्यांची मोजपट्टी आहे. आजारी पडण्यापूर्वी साधारण दोन आठवडे तो माणूस कसा होता, स्वतःची कामे स्वतः करत होता का, चालत होता का, यावरून पायरी ठरते. ब्रिटन आणि इटलीतील ११ रुग्णालयांतील १,५६४ रुग्णांच्या अभ्यासात रुग्णाचे पुढे काय होणार हे वयापेक्षा किंवा जुन्या आजारांच्या यादीपेक्षा या पायरीवरून अधिक चांगले कळले. तुरुतुरु चालणारी ८२ वर्षांची बाई आणि अंथरुणाला खिळलेला ६६ वर्षांचा पुरुष यांना एकाच ‘ज्येष्ठ’ रकान्यात घालणे किती भाबडे आहे, हे घरोघरी ठाऊक असलेले सत्य त्या अभ्यासाने आकड्यांत मांडले.

पण चांगली मोजपट्टीही कशी घसरते तेही याच गोष्टीत आहे. मार्च २०२०मध्ये इंग्लंडमधील ‘नाइस’ या वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या संस्थेने अतिदक्षता विभागात कोणाला घ्यावे हे ठरवताना ही मोजपट्टी वापरावी असे सुचवले. मोजपट्टीवर ‘दुसऱ्याच्या मदतीची गरज’ म्हणजे दुर्बलता. मग जन्मापासून अपंगत्व असलेला, पण प्रकृतीने ठणठणीत असलेला तिशीतला माणूसही दुर्बल ठरणार होता. अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि काही दिवसांतच, २५ मार्चला, संस्थेला दुरुस्ती करावी लागली : ६५ वर्षांखालील व्यक्ती, स्थिर स्वरूपाचे दीर्घकालीन अपंगत्व, बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या व्यक्ती यांच्यासाठी ही मोजपट्टी वापरू नये. धोका ओळखण्यासाठी केलेले साधन वाटणी करण्यासाठी हातात घेतले की ते भाकीत करणे सोडून भाकीत घडवू लागते. ज्याला खाट नाकारली तो दगावला, आणि तो दगावल्यामुळे आकडा बरोबर ठरला. हे चक्र बाहेरून अचूकतेसारखे दिसते.

‘सहव्याधी नाहीत’ या दिलाशाचाही भरवसा धरता येत नाही. कोविडच्या ९८७ अत्यवस्थ रुग्णांच्या रक्ताच्या एका आंतरराष्ट्रीय तपासणीत किमान १०१ जणांमध्ये स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे आढळली; विषाणूला पहिल्या काही तासांत थोपवणारे जे रासायनिक संदेश असतात त्यांनाच ही प्रतिपिंडे गिळतात. लक्षणेच न दिसलेल्या किंवा सौम्य आजार झालेल्या ६६३ जणांत ती एकातही नव्हती. या १०१ जणांतील ९५ पुरुष होते. पुरुषांचा मृत्युदर जास्त का, या कोड्याचा एक तुकडा येथे सापडतो. आजारी पडेपर्यंत यांतल्या अनेकांच्या वैद्यकीय कागदांवर या दोषाची एक ओळही नसणार.

रुग्णाच्या बाजूचे घटक एकत्र गुंफून धोका ओळखण्याचा प्रयत्न चुकीचा नाही, आणि तो चांगला झाल्याचे उदाहरणही आहे. ब्रिटनमधील ‘आयसॅरिक’ गटाने ३५,४६३ दाखल रुग्णांच्या माहितीवरून एक गुणांक बनवला आणि पुढच्या २२,३६१ रुग्णांवर तो पडताळून पाहिला. त्यात आठच गोष्टी आहेत : वय, लिंग, जुन्या आजारांची संख्या, श्वसनाची गती, प्राणवायूची पातळी, शुद्धीची स्थिती, रक्तातील युरिया आणि सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन). एकूण गुण २१. तीन किंवा त्याहून कमी गुण असलेल्यांत मृत्यू सुमारे १ टक्का; पंधरा किंवा अधिक असलेल्यांत सुमारे ६२ टक्के. साधा कागद पुरतो, महागडे यंत्र लागत नाही. त्याच काळात जगभर शेकडो प्रारूपे प्रसिद्ध झाली आणि त्यांचा सातत्याने आढावा घेणाऱ्या तज्ज्ञांना त्यांतील बहुसंख्य सदोष, म्हणजे वापरू नयेत अशी, आढळली. कोणी छोट्या नमुन्यावर बांधलेले, कोणी जे रुग्ण अजून रुग्णालयातच आहेत त्यांना सरळ वगळलेले. घाईत लिहिलेली भाकिते आणि घाईत बांधलेले पूल यांत मला फारसा फरक दिसत नाही.

पण या उत्तम गुणांकाकडेही पुन्हा पाहा. आठही गोष्टी रुग्णाच्या आहेत. रुग्ण आजाराच्या कितव्या दिवशी आला, दाराशी किती वेळ थांबला, त्या रात्री विभागात किती परिचारिका होत्या, यांतले काही नाही. गुणांक बनवणाऱ्यांचा तो दोष म्हणता येणार नाही, कारण खाटेजवळ उभे राहून जे ताबडतोब कळते तेच त्यांनी घेतले आणि तेच घ्यायला हवे होते. दोष आपला आहे, कारण खाटेजवळ निर्णय घेण्यासाठी केलेल्या यादीला आपण मृत्यूंचे स्पष्टीकरण म्हणून वापरतो.

रुग्णालयाच्या बाजूचे घटक किती मोठे असतात याचे पुरावे आता कमी नाहीत. न्यूयॉर्कमधील एका रुग्णालय-समूहात मार्च २०२०मध्ये दाखल झालेल्यांचा मृत्युदर, वय, जुने आजार, दाखल होतानाची तीव्रता हे सर्व जमेस धरून, २५.६ टक्के होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो ७.६ टक्क्यांवर आला. पाच महिन्यांत लोकांचे मधुमेह बरे झाले नव्हते, वये उतरली नव्हती. गर्दी ओसरली होती, डॉक्टरांचा हात बसला होता, रुग्णाला पालथे झोपवणे, नळी घालण्याची घाई न करणे, रक्त गोठण्याकडे लक्ष देणे या गोष्टी अंगवळणी पडल्या होत्या, आणि स्टेरॉइड कधी द्यायचे हे कळले होते. यांतल्या कशाचा वाटा किती हे वेगळे काढणे अवघड आहे, आणि काही वाटा विषाणूची मात्रा कमी पोहोचण्याचाही असू शकेल. तरीही इतकी मोठी घसरण रुग्णाच्या शरीराबाहेर घडली, हे कसे नाकारणार?

अमेरिकेतील ५५८ रुग्णालयांतील १ लाख ४४ हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास याच दिशेने जातो : मार्च ते ऑगस्ट २०२० या काळातील कोविड-मृत्यूंपैकी जवळजवळ चारातला एक मृत्यू रुग्णालयावर कोसळलेल्या गर्दीशी जोडता येण्याजोगा होता. त्याच देशातील माजी सैनिकांच्या ८८ रुग्णालयांत, अतिदक्षता विभागातील कोविड-खाटांची मागणी सर्वोच्च पातळीच्या ७५ टक्क्यांपुढे गेलेली असताना दाखल असलेल्या अत्यवस्थ रुग्णांचा मृत्यूचा धोका, मागणी कमी असतानाच्या तुलनेत, जवळजवळ दुप्पट भरला. मधुमेह किंवा स्थूलता यांचे जे आकडे मथळ्यांत येतात, त्यांच्या तोडीचा हा आकडा आहे. पण ‘मृताला मधुमेह होता’ असे पत्रकात येते. ‘मृत दाखल झाला त्या दिवशी अतिदक्षता विभाग ओसंडून वाहत होता’ असे कोणत्याही पत्रकात माझ्या वाचनात आलेले नाही.

परिचारिकांचे तर नावही निघत नाही. युरोपातील नऊ देशांमधील ३०० रुग्णालयांच्या, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवरील एका मोठ्या अभ्यासात प्रत्येक परिचारिकेवर सरासरी एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे निघाले. ते रुग्ण श्वसनविकाराचे नव्हते हे मान्य. पण ज्या आजारात प्राणवायूची पातळी रात्रीतून घसरते, ज्यात मुखवटा सरकला तर तो कोणीतरी पुन्हा बसवावा लागतो, आणि ज्यात पालथे झोपवण्यासाठी चार-पाच जण एकाच वेळी लागतात, त्या आजारात परिचारिकांची संख्या कमी महत्त्वाची असेल असे मानायला मला काहीही आधार दिसत नाही.

वेळेचाही असाच विचार करावा लागेल. २००९च्या साथीतील, ३८ देशांमधील २९ हजारांहून अधिक दाखल रुग्णांच्या एकत्रित अभ्यासात लक्षणे सुरू झाल्यापासून दोन दिवसांच्या आत विषाणुरोधक औषध मिळालेल्यांत, उशिरा मिळालेल्यांच्या तुलनेत, मृत्यूची शक्यता साधारण निम्मी आढळली. या निष्कर्षावर आक्षेपही आले, आणि त्यांतला एक विचार करण्यासारखा आहे : जो लवकर दगावतो त्याला औषध मिळायला वेळच मिळत नाही, म्हणून औषध घेतलेल्यांचा गट आपोआप जास्त जगलेल्यांचा होतो. असे अभ्यास प्रयोगांची जागा घेऊ शकत नाहीत हे खरेच. तरी उशीर ही बदलता येण्याजोगी गोष्ट आहे आणि पन्नाशी उलटणे ही नाही, एवढ्या एका कारणासाठीसुद्धा उशिराची नोंद व्हायला हवी.

प्रयोगाने काय साधते ते कोविडवरील औषधांच्या ‘रिकव्हरी’ या ब्रिटिश चाचणीने जून २०२०मध्ये दाखवले. डेक्सामेथासोन हे स्वस्त, जुने स्टेरॉइड, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतील मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले, प्राणवायूवर असलेल्यांत २६.२वरून २३.३ टक्क्यांवर. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना मात्र फायदा दिसला नाही. त्यांच्यात मृत्यू १४ टक्क्यांऐवजी १७.८ टक्के होते, आणि अपायाची शक्यता नाकारता आली नाही. म्हणजे एकच गोळी एका पायरीवर तारक आणि खालच्या पायरीवर बहुधा मारक. आता असा रुग्ण कल्पून पाहा, ज्याला प्राणवायूची गरज नसताना कोणीतरी पहिल्याच दिवशी स्टेरॉइड सुरू केले, त्याची साखर भडकली, आणि दहाव्या दिवशी तो गेला. त्याच्या कागदावर काय लिहिले जाईल? ‘मधुमेह.’

पायरी ओळखणाऱ्या साधनांमध्येही खोट असू शकते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर त्वचेतून जाणाऱ्या प्रकाशावर चालते. डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेतून आलेल्या अभ्यासात, यंत्रावर ९२ ते ९६ टक्के दिसत असताना रक्तात प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहून कमी प्राणवायू असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के, तर गौरवर्णीय रुग्णांत ३.६ टक्के होते. ज्याची घसरण यंत्रालाच दिसत नाही त्याला प्राणवायू उशिरा मिळतो, स्टेरॉइड उशिरा मिळते, आणि अखेरीस आकडेवारीत त्याचा वंश ‘जोखीम घटक’ म्हणून झळकतो. दम्याच्या त्या नियमाची ही उलटी बाजू.

याला घेतला जाणारा मुख्य आक्षेप मला ठाऊक आहे. रुग्णालयाच्या बाजूचे घटक जाहीर केले तर लोक रुग्णालयांची तुलना करतील, आणि जी मोठी रुग्णालये शेवटच्या क्षणी पाठवलेले अत्यवस्थ रुग्ण घेतात तीच सर्वांत वाईट दिसतील. मग ती असे रुग्ण घेणेच टाळतील. ही भीती पोकळ नाही. शल्यचिकित्सकांचे मृत्युदर जेथे जाहीर झाले तेथे अवघड रुग्ण टाळले जात असल्याची तक्रार झालेली आहे. पण याचे उत्तर रुग्णाच्या बाजूच्या यादीतच आहे. आठ गोष्टींचा तो गुणांक याच कामासाठी वापरावा : दाखल होताना रुग्णाची अवस्था कशी होती हे त्यातून कळते, म्हणून ती बाजूला काढून उरलेल्या फरकाबद्दल विचारता येते. आजच्या वापरात शरीराच्या यादीने प्रश्न मिटवला जातो. तिने तो सुरू व्हावा. आणि सगळ्यांची नावे चव्हाट्यावर आणा असे माझे म्हणणे नाही. एका प्रदेशातील सर्व रुग्णालयांचे एकत्रित आकडे, आठवड्यागणिक, मृत्यूंच्या शेजारी छापले तरी पुरे : लक्षणांपासून दाखल होईपर्यंतचे दिवस, दाखल झाल्यापासून प्राणवायूपर्यंतचे तास, भरलेल्या खाटांचे प्रमाण, आणि रात्रपाळीत एका परिचारिकेमागे असलेले रुग्ण.

दुसरा आक्षेप असा की, हे सर्व मोजायला माणसे कोठून आणायची. मुळात तीच तर कमी आहेत. या आक्षेपापुढे मी थोडा निरुत्तर आहे, कारण तो माझ्याच मुद्द्याचा पुरावा आहे. वरच्या आठ गोष्टींतील श्वसनाची गती घ्या. न्यूमोनियाची तीव्रता ठरवणाऱ्या २००३च्या ‘कर्ब-६५’ या जुन्या गुणांकातही ती आहे. मिनिटाला ३० किंवा अधिक श्वास म्हणजे धोक्याची खूण. हिला रसायन लागत नाही, वीज लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. एका माणसाने रुग्णाच्या छातीकडे पाहत पूर्ण एक मिनिट थांबावे लागते. आणि नेमकी हीच नोंद जगभरच्या रुग्णालयांत सर्वांत निष्काळजीपणे होते. तक्ते तपासले की १८ आणि २० या आकड्यांची गर्दी दिसते, झोपलेल्याला २०, धापा टाकणाऱ्यालाही २०. श्वास मोजलेला नसतो, अंदाजाने लिहिलेला असतो. तीस रुग्ण एका परिचारिकेकडे असतील तर फक्त श्वास मोजायला तिला दर फेरीला अर्धा तास लागेल. मृत्यूनंतर तो तक्ता उघडला जातो तेव्हा त्यात आदल्या रात्रीचा श्वास २० दिसतो, वय ७१ दिसते आणि मधुमेह दिसतो, आणि पत्रक लिहिणाऱ्याला त्याचे वाक्य मिळते.